खासदारांच्या ऑफिसातली माझी फाईल

आमच्या भागाच्या खासदारांचं ऑफिस दातांच्या दवाखान्याला लागून आहे. पलीकडे गाद्यांचं दुकान. दारात झेंडा नसता तर इथे खासदार बसतात हे कुणाला कळलंही नसतं. म्हणजे ते स्वतः फारसे बसत नाहीत, ते राजधानीत असतात. पण त्यांची माणसं बसतात, आणि त्यातल्या एका बाईंच्या कपाटात माझ्या नावाची फाईल आहे. इथे खासदाराला वेगळा शब्द आहे. तो माझ्या तोंडात बसत नाही, म्हणून मी आपलं खासदारच म्हणते.

हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. नातीची एक वही अर्धी कोरी राहिली होती, ती तिने टाकायला काढली, मी ठेवून घेतली. सकाळी मुलगा, सून, नात सगळे गेले की मी ओट्यावरचं आवरते आणि जेवणाच्या टेबलावर लिहायला बसते. चौथीपर्यंतच शाळा झाली, पण अक्षर चांगलं होतं. चार माणसांत बोलायची मात्र मला जन्माची भीड. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही, हे बरं.

मला ताईकडे जायचं आहे. एवढीच गोष्ट आहे.

आमचे हे गेल्यावर मुलाने मला इकडे मिशिगनला आणलं आणि इथे कायम राहण्यासाठी माझा अर्ज केला. तो अर्ज चालू असताना मी देश सोडला तर अर्जही सोडला असं धरतात. बाहेर जाऊन परत यायचं तर आधी परवानगीचा कागद लागतो. त्याचाही अर्ज केलेला आहे. दोन्ही कुठल्या तरी टेबलावर पडून आहेत. मुलगा रोज फोनमध्ये नंबर घालून बघतो आणि मान हलवतो. आता तर मी विचारतही नाही. त्याने फोन खाली ठेवला की कळतं.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते. ताईच्या कडेवर वाढले. तिला गावातच दिली होती, त्यामुळे लग्नानंतरही ती सकाळी सासरचं पाणी भरून आमच्या घरी यायची, माझी वेणी घालायची आणि परत जायची. मागच्या थंडीत तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं जड झालं. भाचा, म्हणजे तिचा मुलगा, फोन तिच्या तोंडासमोर धरतो. इथे सकाळचे आठ, तिथे दिवेलागण. ती माझ्याकडे बघते आणि माझं नाव घेते. तेवढं अगदी स्वच्छ घेते.

हे नाव दुसरं कुणी घेत नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. सासूबाईंनी ते आधीच ठरवलेलं होतं. तेव्हा बहुतेक घरांत तशीच पद्धत होती. पहिलं नाव बदललं, मधलं बदललं, आडनाव बदललं. माझ्या मुलालासुद्धा आईचं माहेरचं नाव ठाऊक नव्हतं, ताई ते चारचौघांत घेत नसे, त्याने कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. वडील गेले, मैत्रिणी कुठे कुठे गेल्या, काही वारल्या. आता त्या नावाने मला ओळखणारी ताई तेवढी उरली आहे.

खासदारांचा विषय घरात आला तो नातीमुळे. ती नववीत आहे. शाळेत त्यांना सांगितलं होतं की आपल्या भागाचा खासदार काय काम करतो, कशाच्या बाजूने आहे, कशाच्या विरोधात आहे, त्याचा मोठा तक्ता करून आणा. तिने जमिनीवर पुठ्ठा पसरला. मधोमध खासदारांचा फोटो चिकटवला. उंच, पांढऱ्या केसांचे, कानात ऐकायचं यंत्र. राजकारणात येण्याआधी ते शाळेत बीजगणित शिकवायचे म्हणे. मी शेजारी भेंडी पुसत बसले होते.

"आजी, ऐक," ती म्हणाली. "ते म्हणतात, औषधं स्वस्त पाहिजेत. ओल्ड लोकांसाठी."

"बरोबर आहे."

"आणि स्कूलमध्ये सगळ्या किड्सना लंच फ्री."

मी म्हटलं, आमच्या शाळेत दुधाची भुकटी यायची. गुरुजी घमेल्यात कालवायचे, आम्ही घरून पेला न्यायचो. ज्याने पेला आणला नाही त्याने ओंजळ पुढे करायची. नातीला ते फार आवडलं. ओंजळ म्हणजे काय ते मी तिला हाताने करून दाखवलं. तिने ते तक्त्यावर लिहिलं नाही, पण चित्र काढून स्वतःच्या वहीत ठेवलं.

मग तिने तिसरं वाचलं, आणि सोफ्यावरून मुलगा उठून बसला. खासदार म्हणतात, धूर सोडणाऱ्या गाड्या हळूहळू बंद करा, विजेवरच्या आणा. माझा मुलगा पेट्रोलच्या इंजिनावर काम करतो.

"लिही, लिही," तो म्हणाला. "आणि खाली हेही लिही की तुझ्या बापाचा जॉब खाणार आहेत ते."

"बाबा, इट्स क्लायमेट."

"क्लायमेट तुझं आहे, मॉर्गेज माझं आहे. मी मत दिलेलं नाही त्यांना आणि देणारही नाही."

सून आतून म्हणाली, "अहो, तिचा होमवर्क आहे तो, इलेक्शन नाही."

मला दोघांचंही पटत होतं. पोरीचं म्हणणं की हवा राहिली पाहिजे, आणि पोराचं की हातातलं काम राहिलं पाहिजे. खासदारांना हे दोन्ही एका डोक्यात ठेवावं लागत असेल.

तक्ता पुरा करताना नातीला आणखी एक सापडलं. ज्यांचे कागद अडकले आहेत आणि ज्यांच्या घरी परदेशात कुणी आजारी आहे त्यांना ताबडतोब जाऊन येऊ द्यावं, असा कायदा खासदारांनी मांडला आहे. तो पास होत नाही, कारण त्यांच्या बाजूने पुरेशी माणसं नाहीत. पण त्याच पानावर खाली लिहिलं होतं की कुणाचं सरकारी काम अडलं असेल तर ऑफिसात या, आम्ही चौकशी करू. नातीने पुठ्ठा सोडला आणि माझ्याकडे बघितलं.

"आजी! हे तुझं आहे."

मुलगा म्हणाला, "काही नको. ज्याला मत दिलं नाही त्याच्या दारात कसं जायचं?"

आता यात हसण्यासारखं काही नव्हतं. तो आमच्या गावातला विचार करत होता आणि मीही. आमच्याकडे खासदाराकडे काम घेऊन गेलं की आधी त्यांचा माणूस विचारतो, कुठल्या गावचे. मग दुसऱ्याच्या कानात विचारतो, त्या गावात आपल्याला किती पडली. कमी पडली असतील तर साहेब मिटिंगमध्ये आहेत. हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे ज्याने मत दिलं नाही तो जात नाही. वीस वर्षं अमेरिकेत राहून, इथला नागरिक होऊन, मोठ्या कंपनीत बसून माझ्या मुलाच्या मनातून ते गेलेलं नव्हतं. आणि माझ्याही.

पण ताईचं बोलणं आणखी जड व्हायला लागलं, तेव्हा मुलगाच एका सोमवारी अर्धी सुट्टी टाकून म्हणाला, "चल आई, बघू तरी."

मी नारळ घेतला होता. गाडीत बसताना त्याने पिशवी बघितली.

"आई, नारळ नको गं. त्यांना काही घेता येत नाही. आणि सिक्युरिटीवाल्याला काय सांगू, हे काय आहे म्हणून?"

"फळ आहे म्हणावं."

"राहू दे घरी."

नारळ घरी राहिला. रिकाम्या हातांनी गेले, ते मला अजून बरं वाटत नाही.

ऑफिसात ज्या बाई होत्या त्यांना मी फायलीच्या बाई म्हणते. साठीच्या असतील. चष्मा दोरीला बांधून गळ्यात घातलेला, अंगात लोकरीचा जुना स्वेटर. त्यांनी आधी मला बसायला सांगितलं, मग मुलाला. प्रश्नही मला विचारायच्या, माझ्या तोंडाकडे बघून, आणि मग थांबायच्या, मुलगा मराठीत सांगेपर्यंत. माझ्याविषयीचं माझ्याकडे बघून विचारतात असं मला फार कमी ठिकाणी दिसलं आहे.

एक फॉर्म होता. माझ्या कागदांची चौकशी करायला खासदारांच्या ऑफिसला मी परवानगी देते, असं त्यात लिहिलेलं. म्हणजे माझ्या सहीशिवाय खासदारांनासुद्धा माझा कागद बघता येत नाही. मी मुलाला दोनदा विचारलं, हे असंच आहे ना. त्या दिवशी नातही शाळा लवकर सुटल्यामुळे बरोबर होती, ती फॉर्म भरत होती. मी सहीची जागा शोधत होते तेवढ्यात ती थांबली.

"आजी, इथे विचारलंय, आधी दुसरं नाव होतं का."

मी फॉर्मवरचा तो रकाना बघत राहिले.

"होतं का?"

"होतं," मी म्हटलं आणि सांगितलं.

मुलाने वळून माझ्याकडे बघितलं. एकेचाळीस वर्षांचा झाला तो. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट लिहिता येणार नाही. कुणी आपल्याच घरातली बंद खोली उघडून दाखवावी तसं काहीसं. नातीने तर पेन खाली ठेवलं.

"यू हॅड अनदर नेम? आजी, दॅट्स सो प्रिटी." आणि तिने मला त्या नावाने हाक मारली. गंमत म्हणून, लाडाने.

"नको," मी म्हटलं. जरा जोरातच निघालं. "त्या नावानं नको गं बाळा."

ती ओशाळली. मी तिचा हात धरून ठेवला. तिचं काही चुकलं नव्हतं. पण दुसऱ्या तोंडातून ते ऐकताना मला वाटलं की ताईचं काहीतरी मी वाटून टाकते आहे.

मग फायलीच्या बाईंनी खरी अडचण सांगितली. घाई करा म्हणून मागायचं तर आजारी माणूस जवळचं आहे हे दाखवावं लागेल. डॉक्टरांचं पत्र भाच्याने पाठवलं होतं. पण पत्रातल्या बाईचं आणि माझं नातं कुठल्या कागदावर आहे? ताईचं नाव एक, माझं एक, बापाचं नाव माझ्या कुठल्याच कागदावर नाही. माझ्या पासपोर्टात नवऱ्याचं नाव, वडिलांचा रकाना कोरा, मुलाच्या दाखल्यावर सासरचं नाव. वडील सुतार होते, त्यांना जमीन नव्हती, त्यामुळे वारसाची नोंदही नाही. जन्माची नोंद तेव्हा आमच्यात कुणी केली? त्या देशात मी पन्नास वर्षं संसार केला आणि ताईची बहीण असल्याचा एक कागद माझ्याकडे नव्हता.

"शाळा?" बाईंनी विचारलं.

चार वर्षांची शाळा कुणाच्या उपयोगी पडेल असं मला वाटलं नव्हतं. भाचा गावच्या शाळेत गेला. हेडमास्तर बाई नवीन होत्या, पण त्यांनी कपाटातली जुनी रजिस्टरं काढली, दोन दिवस शोधलं. आणि सापडलं. भाच्याने त्या पानाचा फोटो पाठवला. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. जन्मतारीख एक जून, तेव्हा सगळ्यांचीच एक जून असायची. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण लिहिलेलं होतं: पुढील इयत्ता गावात नाही. आणि मागच्या पानांत ताईही सापडली. दुसरीपर्यंत. कारण: घरकाम. तिचं पहिलं नाव लग्नात बदललं नव्हतं, त्यामुळे पुढचं जुळवणं सोपं गेलं. दोघींच्या नावापुढे एकच बाप, एकच आडनाव, एकाच निळ्या शाईत. माझी दोन नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र भाच्याने तालुक्याला जाऊन करून घेतलं.

ते शाळा सोडल्याचं कारण मी पुष्कळ वेळा वाचलं. पाचवी ओढ्याच्या पलीकडच्या गावात होती. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की चार महिने वाट बंद. मी चौथीत असताना आमच्याकडचे तेव्हाचे खासदार गावात आले होते. जीपमधून उतरले. पांढरे कपडे, गळ्यात इतके हार की हनुवटी दिसत नव्हती. ओवाळायला ज्या बाया उभ्या होत्या त्यात ताई होती. मी तिच्या पदराआड. ताईने ओवाळलं आणि मला पुढे ढकललं.

"सांग त्यास्नी. पाचवीला जायाचंय म्हणून सांग."

माझ्या तोंडातून अक्षर फुटलं नाही. साहेब वाकून बघत होते, लोक थांबले होते. शेवटी ताईच म्हणाली, "साहेब, हिला शिकायचंय. वढ्यावर पूल पायजे." साहेबांनी माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाले, होईल बाळ. पूल झाला तेव्हा माझा मुलगा रांगत होता. पुढे कधीही माझी न् ताईची गाठ पडली की ती चिडवायची. "तू बोलली असतीस तर पूल तवाच झाला असता बघ." हसत हसत म्हणायची. मला मात्र ते अर्धं खरं वाटायचं.

सगळे कागद गेले. फायलीच्या बाईंनी कळवलं, घाईची विनंती पाठवली आहे. मग पुन्हा काही नाही. मी ताईला फोनवर सांगितलं की इथल्या खासदारांकडे माझा अर्ज आहे, त्यांची लायब्ररीत सभा आहे, सगळे म्हणतात जा. ताईला बराच वेळ लागला शब्द जुळवायला. भाचा म्हणाला, "मावशी, थांब, ती काहीतरी म्हणतीया." मग ती म्हणाली, "आता तरी त्वांड उघड."

सभा शनिवारी दुपारी होती. लायब्ररीच्या खालच्या हॉलमध्ये लोखंडी खुर्च्या. ना हार, ना स्टेज. खासदार हातात कागदी कप घेऊन आले आणि टेबलाच्या कडेवर टेकले. मग जे काही सुरू झालं ते बघून मी चकित झाले. लोक उठून त्यांना रागावत होते. एक बाई रस्त्यातल्या खड्ड्यांवरून तावातावाने बोलली. एका गृहस्थांनी तर बोट रोखून सांगितलं की गाड्यांच्या बाबतीत तुम्हाला काडीचं कळत नाही. माझा मुलगा सगळ्यात मागे उभा होता, त्याने त्या वेळी मान डोलावली. खासदार कुणावर चिडले नाहीत. जे पटलं नाही ते पटलं नाही म्हणून सांगत होते, आणि जे माहीत नव्हतं ते वहीत लिहून घेत होते. त्यांच्या एका माणसाने नंतर आमची नावं चिठ्ठ्यांवरून पुकारायला सुरुवात केली. आणि माझं नाव आलं. नातीने मला न विचारता चिठ्ठी टाकली होती.

मी उठले. नात शेजारी उभी राहिली, इंग्रजीत सांगायला. मी घरून सगळं पाठ करून गेले होते: ताई, तिचं आजारपण, कागद. पण तोंड उघडलं आणि भलतंच निघालं.

"साहेब, आधी एक सांगते. माझ्या मुलानं तुम्हाला मत दिलेलं नाही."

"आजी, नो!" नात कुजबुजली. "हे मी नाही सांगणार."

"सांग. नंतर कळलं तर फसवलं म्हणतील."

"ओह माय गॉड, आजी."

"सांग गं."

तिने सांगितलं. सगळा हॉल हसला. मी मागे बघितलं नाही, पण मुलाचे कान लाल झाले असतील हे मला न बघताही कळलं. खासदारही हसले. कानातलं यंत्र नीट केलं आणि म्हणाले, आजीबाईंना सांग, या खोलीतल्या निम्म्या लोकांनी मला मत दिलेलं नाही, ते पण माझ्याकडेच येतात, जाणार कुठे? नातीने ते मला मराठीत सांगितलं तेव्हा लोक पुन्हा हसले, का ते मला कळलं नाही. त्यानंतर मला भीती उरली नाही. मी ताईचं सांगितलं. थोडक्यात सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हसले नाहीत. ते म्हणाले, मी त्यांना विचारू शकतो, पुन्हा पुन्हा विचारू शकतो, पण हुकूम देऊ शकत नाही. कायदा बदलावा म्हणून मी झटतो आहे. तो आज बदलणार नाही आणि तुमच्यासाठी वेळेवर बदलेल असं मी खोटं सांगणार नाही.

गावातल्या त्या साहेबांनी होईल म्हटलं होतं. यांनी होईल म्हटलं नाही. घरी येताना मी गाडीत विचार करत होते की यातलं कुठलं बरं. होईल या शब्दावर माणूस काही वर्षं तरी काढतो. सिग्नलला थांबल्यावर मुलगा म्हणाला, "आई, सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती?" आणि मग त्यालाच हसू आलं. "त्यांच्या गाड्यांच्या धोरणाला माझा विरोधच आहे. पण माणूस बरा आहे."

फायलीच्या बाईंनी नंतर दोनदा विचारलं. एकदा उत्तर आलं की विचाराधीन आहे. दुसऱ्यांदाही तेच आलं. त्या स्वतः फोन करून सांगायच्या, पत्र पाठवून मोकळ्या व्हायच्या नाहीत.

मग गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. ताईला पुन्हा झटका आला होता. दवाखान्यातून घरी आणली होती, डॉक्टर आता काही सांगत नाहीत.

"मावशी," तो म्हणाला. "आई आता सगळ्यांनाच तुझ्या नावानं हाक मारती. माझ्या बायकोला, नर्सला. परवा दूधवाल्याला पण. बाकी काही बोलतच नाही."

मी फोन ठेवला. गॅसवर दूध होतं, ते बंद केलं. दुपारी मुलगा आला तेव्हा त्याला म्हटलं, मला पाठव.

तो खूप बोलला. रागावला असं नाही, पण बोलला. कागद आला नसताना गेलीस तर इथली फाईल बंद होईल. तिथून पुन्हा पहिल्यापासून अर्ज. किती वर्षं लागतील कोण जाणे. तू सत्तरीला आलीस. तुला काही झालं तर तिथे कोण आहे? मला लगेच निघता येईलच असं नाही. शेवटी म्हणाला, "इथे तुला काय कमी आहे गं?"

काहीही कमी नाही. ते त्याला सांगितलं. माझी वेगळी खोली आहे, सून एका शब्दाने कधी बोलली नाही, नात शाळेतून आली की आधी माझ्याकडे येते. हे सगळं सोडून जायचं म्हणते आहे, आणि तिथे पोचल्यावर रोज सकाळी या टेबलाची आठवण येणार आहे, हेही मला माहीत आहे. पण ताई दूधवाल्याला हाक मारते आहे आणि ओ द्यायला कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी मी नातीला म्हटलं, फायलीच्या बाईंना फोन लाव. मला एकच विचारायचं होतं. मी अशीच गेले तर खासदारांनी केलेली खटपट वाया गेली म्हणून त्यांना वाईट वाटेल का. नातीने विचारलं. बाई म्हणाल्या, नाही, कुणाला वाईट वाटणार नाही. पण तुम्ही काय गमावता आहात ते तुम्हाला नीट समजलं आहे ना, एवढं मला खात्रीने कळू दे. आणि त्यांनी सगळं पुन्हा सावकाश सांगितलं, एकेक वाक्य थांबून, नातीला मराठी करता यावं म्हणून. मी म्हटलं समजलं. त्या म्हणाल्या, शेवटच्या दिवसापर्यंत मी विचारत राहीन. विमानात बसेपर्यंत फोन चालू ठेवा.

रविवारी निघायचं आहे. आज शुक्रवार. कागद आलेला नाही.

सुनेने बॅग भरली आहे. ताईसाठी मऊ चादरी, मोठ्या माणसांचे लंगोट, पावडर. मुलाने काल तिकीट काढलं. मला वाटलं होतं एकाच बाजूचं काढेल. छापून आणलेला कागद त्याने टेबलावर ठेवला तेव्हा त्यावर परतीची तारीखही होती. सहा महिन्यांनंतरची.

"तारीख घालावीच लागते," तो म्हणाला. "पुढे बदलता येते."

मी बरं म्हटलं आणि तो कागद पासपोर्टात ठेवला.